कंत्राटी सिस्टरांनो, आधी ड्युटी लिस्ट जपा, पगाराचं मग बोलू

आपल्यातल्या बऱ्याच जणींचा अर्ज ठरलेला असतो, 'कामाचा ताण फार आहे, पगार कमी आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती'. असला अर्ज फायलीला लागतो आणि विषय संपतो. आकडा लागतो ओ, आकडा.

म्हणून एक वही घाला. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून वॉर्ड ताब्यात घेताना, तारीख, शिफ्ट, पेशंट किती, खाली गादीवर किती, सिस्टर किती आणि स्टुडंट किती, बस्स एवढंच लिहायचं. पेशंटचं नाव किंवा केसपेपरचा फोटो अजिबात नको, उलटं आपल्यावरच शेकतं. माझ्या वहीत एका नाईटला ३८ पेशंट आहेत, ४ खाली, मी आणि एक स्टुडंट, पहाटे सॅम्पल काढत बसले तोवर तिकडं दोघांची सलाईन संपून नळीत रक्त चढलेलं. कुठलं हॉस्पिटल ते सांगत नाही.

आता इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष बघा, टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला तीन पेशंटमागं एक सिस्टर, पण हे तिन्ही शिफ्टचं मिळून, म्हणजे एका शिफ्टला नवामागं एक, वर रजेसाठी ३० टक्के जादा. म्हणून अर्जात '३८ ला १३ पाहिजेत' असं ठोकून देऊ नका, साहेब तिथंच पकडतात. चार-पाच पाहिजेत, होती एक, एवढंच लिहा, पुरेसं आहे.

ड्युटी लिस्टची कॉपी मात्र दर महिन्याला ठेवाच. सुप्रीम कोर्टानं २०१६ ला पंजाबच्या जगजित सिंग केसमध्ये सांगितलंय की तात्पुरता माणूस कायमवाल्यासारखंच काम करत असेल तर त्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीतला किमान पगार द्यायचा. राज्यात अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स एस-१३ या वेतनश्रेणीला आहे, मूळ पगार ३५,४०० पासून. पण काम सारखंच आहे हे दाखवायचं आपल्यालाच, आणि एकाच लिस्टवर कायम सिस्टर आणि तुम्ही, त्याच वॉर्डला त्याच नाईट, याहून चांगला कागद कुठला? ऑर्डर, जॉइनिंग रिपोर्ट आणि बँक पासबुक त्यालाच जोडून ठेवा.

रिक्त पदांचा आकडा माहिती अधिकारात मागा. १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मंजूर किती, भरलेली किती, रिक्त किती, कंत्राटी किती असं विचारा, 'का भरली नाहीत' विचारलंत की उत्तर टाळायला वाट मिळते. ३० दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील.

मग अर्ज. एकटीनं नको, आठ-दहा सह्या घ्या, मेट्रनमार्फत, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांमार्फत द्या, आणि आवकचा शिक्का दुसऱ्या प्रतीवर मारून घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, 'ठेवा, बघतो' म्हणाले तरी.

त्यावर काहीच झालं नाही तर वकील बघा. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात, सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या समोरच बसतंय, मुंबईची एसटी धरायची गरज राहिली नाही. जाताना वही न्या.