कॉकटेलचे माप आपल्या लिंबाशी जुळवताना

व्हिस्की सॉवरच्या अनेक कृतींमध्ये ६० मिलि व्हिस्कीला ३० मिलि लिंबाचा रस आणि २० मिलि साखरेचा पाक असे माप दिलेले असते. मात्र ते परदेशातील मोठ्या पिवळ्या लिंबासाठी असते, आणि पुण्याच्या मंडईत मिळणारे पातळ सालीचे कागदी लिंबू त्याहून आंबट व किंचित कडवट लागते. म्हणून रस आधी २० मिलिच घ्यावा, सगळे मिश्रण शेकरमध्ये बर्फासह दहा-बारा सेकंद जोरात हलवावे आणि मगच चव पाहावी, कारण गारव्याने गोडी मंदावते आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने व्हिस्कीचा जहालपणा उतरतो. बर्फाशिवाय घेतलेली चव हमखास फसवते.

त्यानंतर एका वेळी एकच घटक, तोही ५ मिलिनेच वाढवावा. खोकल्याच्या औषधासोबत येणारे रेघांचे झाकण स्वच्छ धुऊन यासाठी वापरता येते. पेय आंबट लागल्यास पाक वाढवावा, व्हिस्की नव्हे, हे मी आग्रहाने सांगेन. तरीही कडवटपणा उरलाच, तर मिठाचे मोजके चार कण टाकून पाहावेत. जुळलेले माप लगेच लिहून ठेवावे आणि नवी लिंबे आणली की पुन्हा रसापासूनच सुरुवात करावी.