आजीला काय, नातवाला काय: दिवाळीच्या भेटी कशा निवडाव्यात

दिवाळीच्या आधीच्या रविवारी नागपुरात बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मेन रोडवर, गर्दीत उभं राहून "आता आजीसाठी काय घ्यावं?" असा विचार सुरू केला की उत्तर ठरलेलं असतं: शाल. आणि लहान मुलासाठी बॅटरीवरची गाडी. दोन्हींत वाईट काही नाही. पण आजीच्या कपाटात घडी न मोडलेल्या शाली आधीच असतात, आणि गाडीचं चाक भाऊबीजेच्या आधी निखळतं. भेट निवडण्याचं काम दुकानात होत नाही. ते घरी होतं, आणि दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी.

पायरी १: विचारू नका, बघा

"आबा, तुमच्यासाठी काय आणू?" असं विचारलं तर उत्तर येणार, "कायले आणता बाप्पा, हाये न सगळं." ते खोटं बोलत नसतात, पण या उत्तरावर खरेदी करता येत नाही. त्यापेक्षा त्यांचा एक दिवस नीट बघा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत हात कुठे अडतो, पाय कुठे थबकतो, कोणतं काम ते दुसऱ्यावर ढकलतात किंवा गुपचूप सोडून देतात.

पेपर खिडकीशी नेऊन वाचत असतील तर त्यांना चष्म्याआधी दिवा लागतो. वय वाढतं तसा डोळ्याच्या आत पोचणारा उजेड कमी होतो. साठीतल्या माणसाला वाचायला विशीतल्या माणसाच्या साधारण तीनपट उजेड हवा असतो. मान वळवता येणारा, टेबलावर ठेवायचा एलईडी दिवा ही आबांसाठी शालीपेक्षा कितीतरी मोठी भेट आहे. रात्री बाथरूमला जाताना भिंत चाचपडत असतील तर चाहूल लागताच आपोआप लागणारे छोटे दिवे घ्या. एक पलंगाशी आणि एक बाथरूमच्या दाराशी, बस. चहाचा कप दोन्ही हातांनी धरत असतील तर हलका, चार बोटं आत जातील इतक्या मोठ्या कानाचा कप. सदऱ्याची बटणं लावताना चिडचिड होत असेल तर टिचबटणांचा सदरा.

मुलांचंही असंच बघायचं. महागडं खेळणं बाजूला टाकून बारकं पोट्टं स्वयंपाकघरातले डबे आणि झाकणं घेऊन बसलं असेल, तर त्याला सध्या एकात एक बसवण्यात आणि उघड-बंद करण्यात रस आहे. मग तशीच वस्तू शोधा. मूल पुण्याला किंवा बंगळूरला असेल तर त्याच्या आईला "त्याला काय आवडतं?" असं विचारू नका, ती एखाद्या कार्टूनचं नाव सांगून मोकळी होईल. "सध्या दिवसभर कशात हात घालतो?" असं विचारा.

पायरी २: दवाखान्याची यादी बाजूला ठेवा

माझं मत थोडं कडक आहे. बीपी मोजायचं मशीन, काठी, गुडघ्याचा पट्टा या वस्तू गरजेच्या असतील तर लगेच आणा, पण कुठल्याही साध्या मंगळवारी आणा. सगळे पाहुणे बसलेले असताना चकचकीत कागदातून काठी निघाली की आबा हसतात, पण काठी मात्र दाराआडच राहते.

मशीन घ्यायचंच असेल तर मनगटाचं न घेता दंडावर पट्टा बांधायचं घ्या, आणि जाण्याआधी दंडाचा घेर मोजा. बहुतेक मशीनसोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो आणि घरभर उगाच धावपळ होते.

मसाज मशीन आणि शेकण्याचे पट्टे दिवाळीत फार खपतात. जुना मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. पट्टा जास्त तापला तरी त्यांना चटका कळत नाही, आणि त्या पायावरची जखम लवकर भरत नाही. रक्त पातळ होण्याची गोळी सुरू असेल तर जोरात रगडणारं मशीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

"आरोग्यदायी" म्हणून मिळणाऱ्या टोपल्यांकडेही जरा संशयानं बघा. कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असलेल्यांना आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. "शुगर-फ्री" मिठाईत खवा आणि तूप असतंच. खजूर-अंजिराच्या वड्यांतली साखर फळातली असली तरी रक्तात गेल्यावर ती साखरच. त्यापेक्षा त्यांना मनापासून आवडणारी संत्रा बर्फी आणा, पण किलोभर नको, छोटा डबा आणा. किंवा सरळ संत्री न्या. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराचा माल बाजारात आलेला असतो, आणि नागपूरच्या माणसाला संत्र्यात चांगलं-वाईट कळतं, त्यामुळे निवडून घेतलेल्या डझनभर संत्र्यांचं कौतुक होतं. फळं मोजून खायला सांगितलेल्या किडनीच्या रुग्णाला मात्र हेही विचारून द्या.

पायरी ३: आजी-आजोबांचे कपडे नीट निवडा

गांधीबागेत कापड भरपूर आहे, म्हणून तर निवड चुकते. आजीसाठी पातळ घेताना आधी वजन बघा. जरीचं जड पातळ खांद्यावर ओढ देतं आणि धुवायला दुसऱ्याचा हात लागतो. दोन-तीनदा धुतल्यावर अंगाला बिलगणारं मऊ सुती पातळ किंवा लुगडं रोज नेसलं जातं. करवतकाठी टसरची गोष्ट वेगळी. करवतीच्या दात्यांसारखी काठ असलेली ही विदर्भाचीच साडी. तरुणपणी आजी ती नेसत असेल आणि घरात लग्नकार्य असेल, तर जरूर घ्या. फक्त कपाटात ठेवण्यासाठी नको. आणि कृपा करून रंग म्हातारपणाचा निवडू नका. सत्तरी आली की राखाडी आणि फिकट बदामीच आवडतो, हे कुणी ठरवलं? आजीला आधी बोलता बोलता विचारा, शेजारणीची कोणती साडी आवडली म्हणून.

नागपुरात दिवाळीला थंडी नुसती सुरू होते, खरा कडाका डिसेंबरात. रात्रीचं तापमान कधी कधी १० अंशांच्या खाली जातं. म्हणून दिवाळीत दिलेला गरम कपडा वापरात येतोच, फक्त तो समोरून उघडणारा हवा. खांदा आखडला असेल तर डोक्यातून घालायचा स्वेटर कितीही उबदार असला तरी कुणाच्या मदतीशिवाय चढत नाही. आबांना बिनबाह्यांचा, पुढे बटणं आणि दोन खिसे असलेला स्वेटर आवडतो. खिशात चष्मा आणि तपकिरीची किंवा बडीशेपेची डबी राहते. हिवाळ्यात गाठोडी घेऊन येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडे असे स्वेटर हमखास मिळतात. टाइल्सची फरशी पायाला बोचते, म्हणून मोजे द्याल तर तळव्याला रबराचे ठिपके असलेलेच द्या. साध्या मोज्यानं पाय सटकतो.

चपलांसाठी त्यांना सोबत न्या. जमत नसेल तर त्यांची जुनी चप्पल पिशवीत घालून न्या. पाय संध्याकाळी थोडे सुजतात, म्हणून माप संध्याकाळचं घ्या. मागे पट्टा हवाच. मधुमेह असेल तर मऊ तळाची एमसीआर चप्पल मागा.

कपड्यांपलीकडे दोन भेटी मला फार आवडतात. एक, दिवाळी अंक. 'मनोरंजन'नं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळासोबत वाचायला काहीतरी असतं. अंक हातात घेऊन अक्षराचा आकार बघा. बारीक छपाईचा नामांकित अंक देण्यापेक्षा ठसठशीत अक्षरांचा साधा अंक द्या. दुसरी, फोटोंचा अल्बम. मोबाइलमधले फोटो मोठ्या आकारात छापून घ्या आणि प्रत्येकाखाली नाव, नातं आणि ठिकाण लिहा. विसरायला होणाऱ्या आजीला "ओळख बरं हा कोण" म्हणून परीक्षेला बसवण्यापेक्षा खाली लिहिलेलं नाव बरं.

पायरी ४: मुलाचं वय बघा, त्याआधी तोंड

तीन वर्षांच्या आतलं मूल प्रत्येक वस्तू आधी तोंडानं तपासतं. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावणारा कोणताही तुकडा या वयासाठी धोक्याचा धरतात. दुकानात नळकांडं कुठून आणणार? १० रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. त्याच्याएवढी, त्याहून लहान किंवा थोडी मोठी वस्तू दिसली की ती परत ठेवा. चाक, डोळा, बटण ओढून बघा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. खोक्यावर ते शोधा. रस्त्याकडेला मिळणाऱ्या सुट्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांवर ते क्वचितच दिसतं.

काही वस्तू भेट म्हणून नकोतच. नाण्यासारख्या चपट्या सेलचं खेळणं, ज्याचं झाकण स्क्रूनं बंद नाही. असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. सुटी लोहचुंबकं, कारण दोन पोटात गेली तर आतड्यांच्या वेगवेगळ्या घड्यांतून ती एकमेकांना चिकटतात. पाण्यात फुगणारे जेलीचे रंगीत मणी, कारण ते पोटातही फुगतात. आणि चाकांचा वॉकर. त्यानं मूल लवकर चालत नाही, मात्र पायऱ्यांवरून पडतं. कॅनडानं २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली.

खाऊसुद्धा वयानुसार. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, कितीही जुनी पद्धत असली तरी. अख्खे काजू-बदाम चार-पाच वर्षांपर्यंत नकोत, पूड करून द्या. आवाज करणारं खेळणं दुकानात स्वतःच्या कानाशी धरून वाजवा. तुम्हाला नकोसं झालं तर मुलालाही नको. टॅबलेटचा मोह होतो, पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराच्या वर नको.

मग द्यायचं काय? बाळाला आजीच्या जुन्या पातळांची गोधडी. चालायला लागलेल्याला दोरीनं ओढायची लाकडी गाडी, मोठे ठोकळे. चार-पाच वर्षांच्यांना भातुकली, जाड खडू, मातीचा गोळा. वाचायला लागलेल्यांना बालभारतीचं 'किशोर' मासिक वर्षभरासाठी. १९७१ पासून ते निघतंय आणि दर महिन्याला मुलाच्या हाती काहीतरी नवं येतं. घरात तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी असेलच. त्याचं चाक मोडलं असेल, रंग उडाला असेल, तर तो सुताराकडून दुरुस्त करून, रंगवून दिवाळीला परत द्या. पुढच्या पोळ्याला घरोघरी बोजारा (पोळ्याचे पैसे, खाऊ) मागायला जाताना पोरगं तोच नंदी मिरवेल.

पायरी ५: दोघांना मिळून एक

हा भाग सगळ्यात जास्त विसरला जातो. नातू आणि आबा दोघांच्याही हाताशी दुपारचा मोकळा वेळ असतो. दोघांना वेगवेगळं देण्याऐवजी एक चांगला कॅरम, मोठ्या आकड्यांचे पत्ते किंवा सागरगोटे द्या. आजीला नियम येतात, नातीची बोटं चपळ, त्यामुळे सामना बरोबरीचा होतो. कॅरमला उंच स्टँड घ्या. जमिनीवर मांडला तर आबा खेळणार नाहीत.

फिरायला नेणं हीसुद्धा भेट आहे, पण "कधीतरी जाऊ" म्हणू नका. तारीख ठरवा, कॅलेंडरवर लिहा, गाडीचं बघा. गांधीसागरसमोरच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे. आकाश बघताना आजोबांना खुर्ची मिळते आणि नातवाला प्रश्न सुचतात. गोरेवाड्याची सफारी २०२१ मध्ये सुरू झाली, तिथे प्राणी बसमधून दिसतात, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनाही सोयीची. १८६३ साली स्थापन झालेला अजब बंगला, म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आबांनी लहानपणी पाहिलेला असतो. तिथे माहिती देण्याचं काम त्यांच्याकडे सोपवा. कुठेही जायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: सुट्टीचा वार, पायऱ्या आणि स्वच्छतागृह.

पायरी ६: पैशाचं

आईकडचे आणि बाबांकडचे आजी-आजोबा, दोघांच्या भेटी साधारण सारख्या किमतीच्या ठेवा. चुलत-मावस भावंडांतही तसंच. मुलं किंमत विचारत नाहीत, खोक्याचा आकार मोजतात. नातीसाठी पैसेच द्यायचे असतील तर तिच्या सुकन्या समृद्धी खात्यात भरता येतात. खातं मुलगी दहा वर्षांची होण्याआधी उघडावं लागतं, वर्षाला किमान २५० रुपये लागतात, आणि ते आई-वडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात. आजी-आबांनी रक्कम द्यावी, खातं उघडायच्या भानगडीत पडू नये.

पायरी ७: खरेदी आणि देण्याआधीचं काम

आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दुकानं उघडताच जा. बर्डीला मेट्रोनं सीताबर्डी स्थानकावर उतरा. इतवारी, गांधीबाग किंवा महालाकडे जायचं तर ॲक्वा लाइननं अग्रसेन चौक किंवा चितार ओळी चौक. दिवाळीत त्या भागात गाडी लावायला जागा शोधण्यात सकाळ जाते. स्टीलचं काही घ्यायचं असेल तर भांडे ओळीत फिरा, आणि पक्कं बिल मागा. बदलून देण्याची मुदत त्याच बिलावर लिहून घ्या.

घरी आल्यावर खोकं एकदा उघडा. दिवा लावून बघा, सेल घाला, जास्तीचे सेल सोबत ठेवा. मोबाइल असेल तर भाषा मराठी करा, अक्षर मोठं करा, नंबर भरा आणि पूर्ण चार्ज करूनच द्या. खेळण्याला बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापून टाका; नाहीतर भाऊबीजेला पोट्टं रडत असतं आणि सगळं घर कात्री शोधत असतं. किमतीची चिठ्ठी काढा, बिल स्वतःजवळ ठेवा. "केवढ्याले आणलं?" हा प्रश्न आजी विचारणारच, आणि आकडा अर्धा करून सांगितल्याशिवाय ती वस्तू वापरायला काढणार नाही.