घरपट्टी 'सिस्टिम'नं वाढवली? मग कागद असे मागा

आमच्या गच्चीवरचं पत्र्याचं शेड घरपट्टीच्या नोटिशीत 'वाढीव बांधकाम' होऊन आलं. पावसाळ्यात गळतं म्हणून टाकलेलं, चारी बाजूंनी उघडं. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "ताई, आम्ही काही केलं नाही. सर्व्हेच्या सिस्टिमनं उचललंय."

माहिती अधिकारातला माझा पहिला अर्ज फुकट गेला. 'सिस्टिम' म्हणजे अल्गोरिदम, संगणकानं आपोआप निर्णय लावायची पद्धत, असं धरून विचारलं होतं, "तुम्ही अल्गोरिदम वापरता का? का वापरता?" एका ओळीत उत्तर: माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. चूक माझीच. या कायद्यात कागद मागायचा असतो, खुलासा नाही. आणि पालिकेच्या दप्तरात 'अल्गोरिदम' नावाची फाइल नसते, 'मालमत्ता सर्वेक्षणाचा कार्यादेश', म्हणजे कामाचा लेखी हुकूम, असतो.

दुसऱ्यांदा असं लिहिलं:

"मालमत्ता सर्वेक्षणासाठी नेमलेल्या एजन्सीची निविदा व कामाची व्याप्ती, करारनामा, कार्यादेश, उपग्रह किंवा ड्रोन चित्रांतील नोंदी जागेवर पडताळल्याचे अहवाल, चुकीच्या नोंदींवरील हरकतींची नोंदवही. साक्षांकित प्रती मिळाव्यात."

विषय एकच, शब्द दीडशेच्या आत; महाराष्ट्रात तसा नियमच आहे. जोडपत्र 'अ', म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आवक क्रमांकाची पोच हातात पडेपर्यंत खिडकी सोडू नका.

आणखी काय मागावं सुचत नसेल, तर ॲमस्टरडॅमनं 2020 मध्ये उघडलेली अल्गोरिदमची नोंदवही इंटरनेटवर बघा: कुठला डेटा, कशासाठी, माणसाची देखरेख कुठे. न्यूयॉर्कमध्ये तर 2022 च्या स्थानिक कायदा 35 नुसार शहराच्या खात्यांना अशा साधनांची माहिती दरवर्षी द्यावी लागते. आपल्याकडे एवढं नाही, पण निर्णयाची झळ बसलेल्याला कारणं द्या, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम 4(1)(घ) सांगतं. अर्जात तेही टाका.

तीस दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. "कंपनीचं व्यापारी गुपित आहे" म्हणाले, तर कलम 10 दाखवा: गुपित तेवढं झाका, बाकीचं द्या. माझं काम अपिलातच झालं.

कामाच्या व्याप्तीत लिहिलेलं सापडलं, वाढीव बांधकामाची जागेवर जाऊन पडताळणी करावी. आमच्या गच्चीवर कुणी चढलंच नव्हतं. जिन्याची किल्ली माझ्याकडे असते. हरकतीच्या सुनावणीला तेच पान सगळ्यात वर लावून नेलं.