पेसमेकर-आयसीडीचं रिमोट मॉनिटरिंग: या चुका टाळा

छातीत पेसमेकर किंवा आयसीडी (धोकादायक ठोके शॉक देऊन थांबवणारं उपकरण) बसवलेल्या रुग्णाची माहिती घरातल्या मॉनिटरवरून क्लिनिकला जाते, हेच रिमोट मॉनिटरिंग. एप्रिल लागला की क्लिनिकच्या स्क्रीनवर संपर्क तुटलेल्या रुग्णांची यादी वाढू लागते. नातेवाईक म्हणतात यंत्र बिघडलं. यंत्र धडधाकट असतं, बाज हललेली असते. उकाड्यानं माणूस माळवदावर झोपतो आणि मॉनिटर खाली कोनाड्यात. हा मॉनिटर बहुधा मध्यरात्रीनंतर, रुग्ण झोपेत असताना छातीतल्या उपकरणातली माहिती रेडिओ लहरींनी ओढून घेतो आणि मोबाइल नेटवर्कवरून पुढे पाठवतो. त्यासाठी तो साधारण 2 मीटरच्या आत हवा. मधे मातीचं जाड छत आलं की माहिती उपकरणातच अडकते. ठोके बिघडल्याची नोंद होते, क्लिनिकला मात्र पत्ता नसतो. म्हणून मॉनिटर देतानाच विचारावं, ‘काका, उन्हाळ्यात झोपता कुठं?’ वायर वर नेता येत नसेल तर आठवड्यातून दोन-तीन रात्री तरी मॉनिटरजवळ झोपायला सांगावं. सुट्टी देण्याच्या घाईत हा प्रश्न गाळणाऱ्या नवशिक्यांमुळे पुढे महिनाभर फोनाफोनी होते.

बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात तेव्हा मॉनिटर घरी कुलपात राहतो. कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत) वीज नसेल तर निघण्याआधीच कळवा. त्या काळातली तपासणी प्रत्यक्ष ठरवता येते.

अ‍ॅपवर चालणारं उपकरण असेल तर अ‍ॅप रुग्णाच्याच फोनमध्ये हवं. ते मुलाच्या फोनमध्ये टाकतात, मुलगा वाळूजला कामाला, वडील गावात! ब्लूटूथ चालू ठेवा, त्या अ‍ॅपला बॅटरी सेव्हरमधून वगळा.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘डॉक्टर चोवीस तास बघतायत’. कुणीही रात्रभर स्क्रीनसमोर बसलेलं नसतं. अलर्ट कामाच्या वेळेत पाहिले जातात. आयसीडीचा एक शॉक बसला आणि नंतर बरं वाटतंय, तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन करा. 24 तासांत दोन शॉक, किंवा एका शॉकनंतर चक्कर, छातीत दुखणं, दम लागणं असेल तर थेट 108. अशा वेळी मॉनिटरचं बटण दाबून उत्तराची वाट बघणं जिवावर बेतू शकतं.

क्लिनिकवाल्यांसाठी: कायमचं एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) असलेल्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या रुग्णाचा एएफ अलर्ट कंपनीच्या सेटिंगवर तसाच सोडू नका. रोजच्या त्या निरर्थक अलर्टांखाली लीड (उपकरणातून हृदयात जाणारी तार) तुटल्याचा अलर्ट दबतो. एएफ अलर्ट बंद करा, ठोक्यांच्या वेगाचा चालू ठेवा.

मोबाइल छातीवरच्या खिशात नको. उपकरणापासून 15 सेंटिमीटर लांब ठेवा.