डिझेल गाडीतील टायमिंग चेनची झीज : ओळखावी कशी आणि पुढे काय करावे

रात्रभर उभ्या असलेल्या डिझेल गाडीला सकाळी सेल्फ मारल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत इंजिनातून कोणता आवाज येतो, याकडे मालकाने नीट कान द्यावा, असे मी कळकळीने सांगेन. त्या वेळी टेन्शनरमधील, म्हणजे चेनला ताणून धरणाऱ्या भागातील, ऑइल बरेचसे खाली उतरलेले असते, ऑइल पंपाचा दाब वरपर्यंत पोहोचलेला नसतो आणि टायमिंग चेनला, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवणाऱ्या साखळीला, ताण द्यायला टेन्शनरच्या स्प्रिंगखेरीज काही नसते. चेन झिजून लांबली असेल किंवा तिला मार्गावर ठेवणाऱ्या गाइडपट्टीचे प्लॅस्टिक खाल्ले गेले असेल, तर ते याच क्षणी उघडे पडते. दाब आला की टेन्शनर चेनला पुन्हा घट्ट धरतो आणि आवाज मिटतो. पुढे गाडी गॅरेजला पोहोचते ती गरम होऊनच. मेकॅनिक बॉनेट उघडून ऐकतो, त्याला काही वावगे वाटत नाही आणि दोष आहे तिथेच राहतो. म्हणून चेनची तपासणी थंड इंजिनावरच सुरू करायची, हे आधी पक्के करावे.

तत्पूर्वी आपल्या इंजिनात चेन आहे की बेल्ट, याची इंजिनाच्या क्रमांकावरून खात्री करून घ्यावी. टोयोटाच्या जुन्या २.५ लिटर डिझेल इंजिनात बेल्ट होता, तर त्यानंतर आलेल्या जीडी मालिकेत चेन आहे. फियाटच्या १,२४८ सीसी मल्टिजेट इंजिनात, आणि ते इंजिन घेणाऱ्या इतर कंपन्यांच्या गाड्यांतही, चेनच आहे. बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा, हे पुस्तिकेत छापलेले असते. चेनबद्दल बहुतेक पुस्तिका गप्प असतात आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘चेनकडे पाहायची गरज नाही’ असा घेतला जातो. तो अर्थ चुकीचा आहे. चेनचे आयुष्य किलोमीटरपेक्षा ऑइलवर ठरते, म्हणून तिला ठरावीक आकडा देणे अवघड जाते, एवढेच त्यातून समजावे.

चेन झिजते म्हणजे नेमके काय होते?

चेन ‘ताणली गेली’ असे सर्रास म्हटले जाते, परंतु तिच्या पोलादी पट्ट्या सहसा ताणल्या जात नाहीत. झीज होते ती कड्या जोडणाऱ्या पिनांची आणि त्या पिना ज्यात फिरतात त्या बुशांची किंवा छिद्रांची. इंजिनातून काढलेल्या जुन्या चेनची एक पिन सोडवून तिच्यावरून अंगठ्याचे नख फिरवले, तर एका अंगाला नख किंचित खाली उतरते आणि पुढे कडेला अडते; डोळ्यांना फारसे काही दिसत नाही, पण नखाला ती पायरी कळते. दुसरी खूण याहून सोपी आहे. पिना उभ्या राहतील अशा रीतीने चेन एका टोकाला धरून आडवी लांबवावी. नवी चेन जवळजवळ सरळ राहते, जुनी चेन मात्र कमानीसारखी खाली झुकते, कारण तिच्या प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढिलाई साचलेली असते.

ही ढिलाई किती महागात पडते, ते एका हिशेबाने पाहू. समजा, चेनला १५० कड्या आहेत आणि प्रत्येक सांध्यात केवळ ०.०२ मिलिमीटर झीज झाली आहे. तरीही पूर्ण चेन ३ मिलिमीटरने लांबते. क्रँकशाफ्टपासून (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ओढ घेणाऱ्या बाजूवर यातल्या ५० कड्या असतील, तर कॅमशाफ्टचे स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, १ मिलिमीटर मागे पडते. ते स्प्रॉकेट १०० मिलिमीटर व्यासाचे असेल, तर हा फरक सुमारे १.१५ अंशांचा होतो, आणि कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे क्रँकच्या मोजणीत तो २.३ अंश भरतो. एवढ्याने इंजिन बंद पडत नाही, मात्र ते सुस्तावते. खरा धोका त्यापुढचा आहे. ढिली चेन एखाद्या झटक्यात स्प्रॉकेटवरचा एक दाता ओलांडून गेली, तर ४० दात्यांच्या स्प्रॉकेटवर क्रँकच्या हिशेबाने एकदम १८ अंशांचा फरक पडतो. डिझेल इंजिनात दाबाचे प्रमाण मोठे असल्याने पिस्टन वर आला की त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये जेमतेम जागा उरते. चेन आणखी एक-दोन दाते सरकली किंवा तुटली, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, आणि काम चेनपुरते न राहता सिलिंडर हेडपर्यंत जाते.

डिझेलमध्ये चेनवर जास्त भार का येतो, हेही समजून घ्यायला हवे. पहिले कारण काजळी. ज्वलनातून निघालेली काजळी ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइलमधील झीजरोधक घटकांनी धातूवर धरलेला पातळ थर खरवडत राहते. पिन आणि बुश यांच्यामधील अरुंद जागेत हे घासणे सर्वाधिक जाणवते. दुसरे कारण असे की, अनेक डिझेल इंजिनांत डिझेलचा उच्च दाबाचा पंपही याच चेनवर किंवा तिच्या जोडचेनवर चालतो. इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, १,६०० ते २,००० बार दाब भरणारा हा पंप एकसारखा ओढत नाही, झटके देत ओढतो. तिसरे कारण डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाड्यांचे. फिल्टरमधील काजळी जाळण्यासाठी अनेक इंजिने सिलिंडरमध्ये जास्तीचे डिझेल सोडतात. गाडी सतत जवळच्या फेऱ्यांसाठी वापरली आणि ही प्रक्रिया अर्धवट तुटत राहिली, तर त्यातले थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये जाते आणि ऑइल पातळ होते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर पुष्कळांना बरे वाटते. वास्तविक ती चिंतेची खूण आहे.

लक्षणे, आणि त्यांच्याशी गल्लत होणारे इतर आवाज

सुरुवातीला फक्त थंड इंजिनावर, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी एक-दोन सेकंदांची खळखळ ऐकू येते. पुढे ती लांबत जाते. त्यानंतर इंजिन गरम असतानाही आयडलवर बारीक खडखड राहते, किंवा १,५०० ते २,००० आरपीएमवरून अॅक्सिलरेटर सोडताना ती जाणवते, कारण त्या क्षणी चेनची ओढ एका बाजूकडून सुटून दुसरीकडे जाते. यासोबत कधी सेल्फ नेहमीपेक्षा जास्त वेळ मारावा लागतो. क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरचे संकेत एकमेकांशी जुळेपर्यंत कॉम्प्युटर डिझेल सोडत नाही. स्कॅनरवर पी००१६ हा कोड आला, तर क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांची सांगड बिघडल्याचे तो सांगतो. पी०३४० आणि पी०३४१ हे कोड कॅम सेन्सरच्या संकेताचे आहेत. येथे एक कळीची गोष्ट सांगतो : कोड आला म्हणून सेन्सर बदलला, चार दिवसांनी कोड परत आला, म्हणून दुसरा सेन्सर आणला, असे करत बसू नये. वायरिंग आणि सेन्सर ठीक असतील, तर तो सेन्सर खरेच सांगत असतो.

डिझेल इंजिन मुळातच आवाजी असल्याने गल्लत सहज होते. क्लच दाबताच खडखड बदलली किंवा थांबली, तर संशय ड्युअल मास फ्लायव्हीलवर (इंजिन आणि क्लच यांच्यामधील, दोन भागांच्या जड चाकावर) किंवा क्लचच्या बेअरिंगवर घ्यावा. हे पाहणे फार आवश्यक आहे, कारण बीएमडब्ल्यूच्या एन४७ सारख्या काही इंजिनांत चेन फ्लायव्हीलच्याच बाजूला असते आणि दोन्ही आवाज एकाच ठिकाणाहून येतात. अल्टरनेटरच्या पुलीचा संशय असेल, तर बाहेरचा बेल्ट काढून इंजिन काही सेकंदच चालवून पाहावे. मात्र ज्या इंजिनात वॉटर पंप त्याच बेल्टवर आहे, तिथे हे थंड इंजिनावर आणि अगदी थोडा वेळच करावे. इंजेक्टरचा ठोका सिलिंडरच्या ज्वलनाच्या तालात पडतो, चेनची खळखळ मात्र घासत, सरसरत येते. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप, तो नसल्यास लांब स्क्रूड्रायव्हर, चेनच्या कव्हरवर टेकवून मूठ कानाशी धरली की आवाजाची जागा कळते. हे करताना सैल बाही आणि केस फिरत्या बेल्टपासून दूर ठेवावेत.

कानावर विसंबून इंजिन उघडू नये

आवाजावरून संशय घ्यावा, निर्णय मात्र मोजमापावर घ्यावा. सर्वांत स्वस्त पुरावा ऑइल फिल्टरमध्ये असतो. ऑइल बदलताना जुना फिल्टर फेकून न देता त्याचा कागद कापून, घड्या उलगडून, पांढऱ्या कापडावर उजेडात पाहावा. चमकणारे धातूचे कण म्हणजे झीज. काळे किंवा तपकिरी, नखाने न मोडणारे प्लॅस्टिकचे तुकडे म्हणजे गाइडपट्टी तुटू लागल्याची खूण. अशा वेळी ऑइल पॅन काढून पंपाची जाळीही पाहावी, कारण हे तुकडे जाळीत अडकले, तर ऑइलचा दाब पडतो आणि चेनच्या आधी बेअरिंग जातात.

यानंतर स्कॅनरवर चालू इंजिनातील क्रँक आणि कॅम यांच्यामधील फरक अंशांत पाहावा आणि त्या इंजिनासाठी कंपनीने दिलेल्या मर्यादेशी तो ताडावा. काही इंजिनांत टेन्शनरचा दट्ट्या किती बाहेर आला आहे, हे एखादे बूच काढून किंवा एंडोस्कोप (नळीचा बारीक कॅमेरा) घालून दिसते. दट्ट्या आपल्या शेवटच्या खाचांपर्यंत आलेला असेल, तर चेनची ढिलाई भरून काढायला त्याच्याकडे आता वाव उरलेला नाही, असे समजावे. जुन्या मर्सिडीज डिझेल इंजिनांत कॅमवरची खूण जुळवून क्रँकच्या पुलीवर किती अंश येतात, ते थेट वाचता येई. आजही ही पद्धत जिथे शक्य आहे, तिथे मला ती सर्वांत विश्वासाची वाटते. मोजणी करताना इंजिन पान्याने नेहमीच्या दिशेनेच फिरवावे. उलटे फिरवल्यास ढिलाई ओढणाऱ्या बाजूला जाते, आकडा खोटा येतो आणि कमकुवत टेन्शनरवर चेन दाता सोडू शकते.

संशय पक्का होईपर्यंत काही पथ्ये पाळावीत. गाडी धक्का मारून गिअरमध्ये सुरू करू नये, कारण ऑइलचा दाब नसताना चेनला बसणारा तो झटका सर्वांत वाईट असतो. त्याच कारणाने चढ-उतारावर गाडी केवळ गिअरच्या आधाराने न थांबवता आधी हँडब्रेक ओढावा आणि मग गिअर टाकावा. गरम इंजिनावरही खडखड ऐकू येत असेल, तर गाडी चालवत न नेता टो करून न्यावी. आणि सेल्फ मारताना इंजिन एकाएकी हलके, भराभर आणि अडखळत फिरू लागले, तर चेन बहुधा दाता सोडून गेली आहे; त्या क्षणी चावी सोडून द्यावी, पुन्हा एकदाही सेल्फ मारू नये. चेन नुसती सरकली असेल आणि व्हॉल्व्ह अजून वाचले असतील, तर पुढचा प्रत्येक सेल्फ त्यांना वाकवू शकतो.

बदलायची तर पूर्ण

चेन बदलण्याचे काम घरी करण्याजोगे नाही, पण आपल्या गाडीत काय काय बदलले जात आहे, हे मालकाला माहीत असले पाहिजे. केवळ चेन बदलणे ही खोटी काटकसर आहे. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन लवकर झिजते, आणि जुन्या गाइडपट्ट्या उष्णतेने ठिसूळ झालेल्या असतात. चेन, सर्व गाइडपट्ट्या, टेन्शनर, स्प्रॉकेट, सील आणि गॅस्केट एकत्रच घ्यावेत. डिझेलच्या उच्च दाबाच्या पंपाची किंवा ऑइल पंपाची वेगळी चेन असेल, तर तीही याच वेळी बदलावी. विशेषतः चेन फ्लायव्हीलच्या बाजूला असलेल्या इंजिनांत, जिथे आत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स किंवा पूर्ण इंजिनच उतरवावे लागते. जुनी चेन तोडून तिला नवी जोडून ओढून घेण्याची एक पद्धत आहे. तिच्यात वेळ वाचतो, पण गाइडपट्ट्या आणि स्प्रॉकेट जुनेच राहतात, म्हणून मी ती सुचवणार नाही.

क्रँक आणि कॅम त्या इंजिनाच्या लॉकिंग टूलने अडवूनच चेन बसवावी. पेंटच्या खुणांवर भागवू नये. कसताना ताणले जाणारे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवे घालावेत. चेन बसल्यावर नव्या टेन्शनरला दाबून धरणारी पिन काढावी, लॉकिंग टूल काढावीत आणि इंजिन पान्याने पूर्ण दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, फिरवावे. कुठेही अडले, तर जोर न लावता थांबावे. दोन फेऱ्यांनंतर लॉकिंग टूल पुन्हा सहज बसली, तरच कव्हर लावावे.

नवे ऑइल आणि फिल्टर घातल्यावर, डिझेलचा पुरवठा तोडून, ऑइलचा दाब येईपर्यंत सेल्फने इंजिन थोडे थोडे फिरवावे आणि त्यानंतरच ते सुरू करावे. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच असावे. डीपीएफ असलेल्या गाडीत कमी राखेचे ऑइल लागते, ते बदलून दुसरे चालत नाही. कंपनीने ३०,००० किलोमीटरची मुदत दिली असली, तरी चेन असलेल्या डिझेल गाडीत, विशेषतः जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत, मी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलण्याच्या मताचा आहे. कोणत्याही बाटलीतले द्रव्य झिजलेली पिन परत भरून काढत नाही. नवी चेन बसल्यानंतर पहिल्या आठवड्यात दररोज सकाळी खिडकी उघडी ठेवून, रेडिओ बंद करून गाडी सुरू करावी आणि तो आवाज फोनवर नोंदवून ठेवावा, म्हणजे दोन वर्षांनी शंका आली, तर ताडून पाहायला निरोगी इंजिनाचा आवाज हाताशी असेल.