रेवदंडा बघायचा तर आधी तिथी बघा

काशिद-मुरुडला निघालेल्या गाड्या आमच्या गावातून, कोटाच्या वेशीतूनच जातात आणि आतली माणसं मोबाईलमध्ये बघत असतात. तुम्ही तसं करू नका. अलिबागहून मुरुड रस्त्याने 17 किलोमीटरवर रेवदंडा. इथेच उतरा.

पण घरून निघण्याआधी कालनिर्णय काढा. आमच्याकडचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता. त्यापुढे-मागे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजा. म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमारास वाळू मोकळी मिळते आणि तटाच्या पायथ्याने निवांत चालता येतं. मी स्वतः, गावचा असून, मेव्हण्याला ऐन अष्टमीच्या संध्याकाळी घेऊन गेलो होतो. लाटा तटाला भिडलेल्या. त्याचे नवे बूट भिजले ते भिजलेच, वर आजोबांचा हिशोब मला घरच्यांनी ऐकवला.

हा कोट पोर्तुगीजांचा. 1508 साली इथेच, कुंडलिकेच्या मुखाशी, इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने त्यांना धूळ चारली. व्हाइसरॉय आल्मेडाचा मुलगा लोरेन्सो त्यात मारला गेला. तरी ते हटले नाहीत. 1521 मध्ये अहमदनगरच्या निजामशहाची परवानगी मिळवून बांधकाम सुरू केलं. 1740 मध्ये ठाणं मराठ्यांकडे आलं. आज कोटाच्या आत आमची घरं, नारळ-पोफळीच्या वाड्या आणि पडकी चर्चं एकमेकांना खेटून आहेत. सातखणी मनोरा तसाच एका वाडीत उभा आहे, खण मात्र चारच उरलेत. वाडीत शिरताना हाक मारा, आणि पडलेल्या सुपाऱ्या गोळा करू नका.

शाळेच्या आवारात एक स्तंभ दिसेल. तो अफनासी निकितिनचा. 15व्या शतकात हा रशियन व्यापारी घोडा विकायला चौल बंदरात उतरला; पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडाच काढून घेतला.

दुपारी पूल ओलांडून साळावमार्गे कोर्लईला जा. दीपगृहामागून पायऱ्या किल्ल्यावर चढतात. उन्हं कलल्यावरच चढा, वर सावली नाही. डोंगराच्या धारेवर लांबट पसरलेला किल्ला, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. खाली गावातले ख्रिस्ती लोक आपसात 'नो लिंग' बोलतात, म्हणजे 'आपली बोली'. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या भाषेत मराठी मिसळून तयार झालेली ही बोली गावाने टिकवली. कान देऊन ऐका; फोन तोंडासमोर धरून 'बोलून दाखवा' म्हणू नका.

वेळ उरला तर परतताना चौलला रामेश्वर. सभामंडपात फरशीखाली बंद केलेली कुंडं आहेत. पाऊस फारच ओढला की पर्जन्यकुंड उघडायची प्रथा. दत्ताच्या डोंगराला मात्र वेगळा दिवस ठेवा, आणि दत्तजयंतीच्या जत्रेत गाडी लांबच लावा.

उन्हाळ्यात आलात तर अलिबागच्या वाटेवर पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. माळ घेताना कांदा मानेशी दाबून बघा. मऊ लागला तर ती माळ परत खुंटीला.