नियम सुगीवर बेता

बेळगाव-खानापूर पट्ट्यात हौसेनं धरलेले नेम बहुधा भातसुगीत मोडतात, कारण ते सवडीच्या दिवसावर बेतलेले असतात. म्हणून आधी वर्षातला सगळ्यात ओढीचा आठवडा आठवा: कापणी-मळणी, ऊसतोड, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली रात्रपाळी. त्या आठवड्यात निभेल तेवढंच व्रत घ्या.

हरिपाठाचे 27 अभंग सावकाश म्हटले तरी अर्ध्या तासात होतात. सुगीत रोज नऊ म्हणा, तीन दिवसांत पाठ पुरा होतो. पाठ घड्याळाला न बांधता कामाला जोडा: डेअरीला दूध घालून आल्यावर, किंवा पाळीवरून येऊन आंघोळ झाल्यावर. पाळी बदलली तरी तो चुकत नाही. एखादा दिवस गेलाच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट म्हणू नका. अशी थकबाकी साठली की माणूस सगळंच सोडून देतो.

सप्ताहातल्या ज्ञानेश्वरी पारायणात रोज जवळपास 1300 ओव्या होतात, त्यात अख्खा दिवस जातो. घरी रोज 25 ओव्या वाचल्या तर वर्षात ग्रंथ होतो, शिवाय अर्थापाशी थांबता येतं. ‘रोज एक अध्याय’ हा बेत मात्र टाळा. बारावा अध्याय 250 ओव्यांच्या आत आटोपतो, अठरावा 1800 च्या वर जातो.

वारीचं गणित पिकावर मांडावं लागतं. आषाढीला भाताची लावण, कार्तिकीला कापणी. खानापूरच्या भातकऱ्याला माघी सोयीची, तोवर मळणी उरकलेली असते. चिकोडी-निपाणीकडे माघात उसाचं गाळप चालूच असतं आणि तोडणीची टोळी आली की रानात घरचं माणूस लागतं, तेव्हा ऊसवाल्यानं चैत्री धरावी. चारही वाऱ्या पंढरीच्याच आहेत; आषाढीच्या हट्टापायी लावण मागं टाकणं आम्हाला पटत नाही. निघण्याआधी आठ दिवस घरात बसून ठरवा: धारा कोण काढणार, उसाला पाणी कोण पाजणार. हा भार बहुतेक घरांत न विचारता बायकांवर पडतो आणि त्यांचाच पाठ बुडतो. एका वर्षी एकानं जावं, पुढच्या वर्षी दुसऱ्यानं.

पैशाची वाट मात्र काटेकोर आखा. ऊसबिल जमा झालं की आधी सोसायटीचं पीककर्ज भरा, मुदत चुकली तर बिनव्याजी सवलत जाते. मग मुलांची फी, खत-बियाणं. त्यानंतर यंदाचं एकच मोठं काम, विहीर किंवा घराचा स्लॅब, आकड्यासह वहीत लिहा. आकडा नसला की ‘अजून थोडं’ संपत नाही आणि परमार्थ म्हातारपणावर ढकलला जातो. उरलेल्यातले शेकडा पाच अन्नदानासाठी वेगळे काढा. सप्ताहाच्या बैठकीत भरात वर्गणीचा आकडा बोलून नंतर उसने काढणारे पुष्कळ. बिल हातात पडल्याशिवाय आकडा बोलूच नका. शेजारच्या लिंगायत घरांतही बसवण्णांच्या शिकवणीप्रमाणे दासोह म्हणजे अन्नदान-सेवा, कायकाच्या म्हणजे स्वतःच्या कष्टाच्या कमाईतूनच करतात.

एकादशीला कारखान्यात भट्टीवर काम असेल तर निर्जळी करू नका. तेलकट साबुदाण्यानं सुस्ती येते. केळी, शेंगदाणे, ताक बरं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा.

वारकऱ्याच्या तुळशीमाळेची घाई नको. आधी वर्षभर मांस-दारू सोडून एकादशी पाळून पाहा. जत्रेचं जेवण आणि लग्नाच्या वराती त्यात येऊन जातात. तरीही नेम टिकला, तर माळ घाला.